मी माझा मोठा भाऊ झालो त्याची हकिकत

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन उधार समजावीत.)

रक्तदाब कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. पत्र पुढे वाचण्याआधी एकदा मोजून घ्या, गोळी राहिली असेल तर घ्या आणि वहिनींना जवळ बसवा. गुडघा, दात आणि शेजाऱ्यांशी चाललेलं भिंतीचं भांडण या तिन्हींची खुशाली सवडीनं कळवा. इकडे आम्ही मजेत आहोत. गेलं वर्षभर फोनवर मी तुम्हाला 'मजेत' हाच शब्द सांगत आलोय. तोंडात बसलेला शब्द आहे, हातालाही त्याचीच सवय झालीय. तेव्हा तो वाचा आणि सोडून द्या.

झालं असं, की आमच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर घडीचं टेबल टाकून एक टायवाले गृहस्थ बसायला लागले. क्रेडिट कार्ड घेणाऱ्याला चाकांची बॅग फुकट. आता मी प्रवासाला जाणारा माणूस नाही (तुमच्याकडे यायचं ठरलं तरी आदल्या दिवसापासून मी गाडी चुकण्याची वाट बघतो), पण ती बॅग अशी काही ऐटीत उभी होती की ती घेतली तर आपणही कुठेतरी पोचू असं मला वाटलं. मी सही केली. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून 'शेवटची ओळ वाचा, नीट वाचा, घाई नको' म्हणून छळणारा हा तुमचा भाऊ. त्यानं त्या कागदावरची पहिली ओळसुद्धा वाचली नाही. बॅगेचं एक चाक घरी पोचेपर्यंत निघालं. कार्ड मात्र पोस्टानं शाबूत आलं आणि सोबत पत्र आलं की आपली मर्यादा अमुक इतकी आहे. दादा, मर्यादा या विषयावर आजवर मला पुष्कळांनी ऐकवलंय (त्यात तुम्ही आघाडीवर), पण माझी मर्यादा एवढी मोठी आहे असं लेखी कोणीच दिलं नव्हतं. मला भरून आलं.

पुढचं सगळं मी बायकोसाठी केलं. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती. तुमची भावजय शिवणाच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं कापड तपासते आणि घरी आली की कमरेवर हात ठेवून ओट्याला टेकते. ते बघवेना म्हणून मी पाठ चेपून देणारी विजेची खुर्ची बघायला गेलो. विक्रेत्यानं मला तिच्यात बसवलं आणि बटण दाबलं. माझ्याकडे काही मागण्यासाठी नव्हे, तर नुसता सहज पाठीवरून हात फिरावा, असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालेलं आठवत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा विक्रेता माझं कार्ड मला परत देत होता.

खुर्ची घरात शिरेना. दार बिजागऱ्यांसकट काढावं लागलं. आत आल्यावर ती खोलीत मावली, पण मग आम्ही मावेनासे झालो. जुन्या दोन खुर्च्या आणि स्टूल भंगारात द्यावं लागलं. बायको एकदाच तिच्यात बसली. खुर्चीनं तिच्या पोटऱ्या धरल्या, ती किंचाळली, मी घाईत चुकीचं बटण दाबलं आणि खुर्चीनं मानही धरली. त्यानंतर तिच्यावर फक्त इस्त्रीचे कपडे बसायचे. बायकोनं विचारलं, केवढ्याला पडली? मी सांगितलं, मालकांनी बक्षीस दिली, माझ्या कामावर खूश होऊन. (आमच्या मालकांनी मला आजवर काच पुसायचं फडकंसुद्धा मोजूनच दिलंय.) तिला इतका आनंद झाला की तिनं मालकांसाठी स्वेटर विणला. तो घालून ते गल्ल्यावर बसतात आणि मधूनच माझ्याकडे असं बघतात, की हा माणूस आपल्याकडून नक्की काय उकळणार आहे.

मग बिलं सुरू झाली. बिलावर दोन आकडे असतात. एक भला मोठा, आणि त्याच्याखाली 'किमान देय रक्कम'. ती किमान रक्कम बघून मला फार आपलेपणा वाटायचा. मी मुळात किमान माणूस. ती भरत राहिलो आणि वरचा आकडा वाढतच गेला, म्हणजे बादली भोकाची आणि मी वरून चमच्यानं पाणी घालतोय. मग चमचाही थांबला. मग फोन आले. आधी एक गोड आवाजाच्या बाई रोज सकाळी फोन करून नमस्कार म्हणायच्या आणि माझी प्रकृती विचारायच्या. खरं सांगतो, इतक्या नियमानं माझी प्रकृती घरच्यांनीही विचारलेली नाही. मी कधी गाडी चालवत असल्याचं सांगे (मला गाडी येत नाही), कधी मीच नोकर असल्याचं सांगून 'साहेब अंघोळीला गेलेत' म्हणे. एकदा त्या बाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, "काल दुपारपासून अंघोळच चाललीय का त्यांची?" तेव्हापासून मी फोन उचलणं बंद केलं. बायकोला सांगितलं, फोन बिघडलाय.

आणि मग एके दुपारी दाराची बेल वाजली. त्या दिवशी मी पाठ धरल्याचं निमित्त सांगून दुकानात गेलो नव्हतो (तेव्हा ते खोटं होतं). बायको कामावर. दारात वसुलीवाले. वसुलीवाला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गळ्यात साखळी, दंडाच्या बेटकुळ्या, असा कोणीतरी होता. हे गृहस्थ किडकिडीत, घामाघूम, बूट बाहेरच्या बाजूनं झिजलेले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे त्यांना आधी धाप टाकायची होती आणि मग दम द्यायचा होता. माझं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "ते घरात आहेत का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आपण कोण?"

दादा, त्या क्षणी मला काहीही होता आलं असतं. नळ दुरुस्त करणारा, भाडेकरू, चोर. पण माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मी त्याचा मोठा भाऊ." संकटात माणसाला देव आठवतो म्हणतात. मला तुम्ही आठवलात. याचा राग मानू नये, यात मानच आहे.

त्यांनी पाणी मागितलं. घरात बसायला एकच जागा, तेव्हा ते त्या खुर्चीच्या कडेवर बसले. पिशवीतून त्यांनी माझा कागद काढला आणि हात लांब करून समोर धरला, मग आणखी लांब. मी धंद्यातला माणूस, पाहताक्षणी ओळखलं की यांना जवळचा चष्मा लागलाय आणि यांना पत्ता नाही. कागदावर कोपऱ्यात माझा फोटो होता. त्यांनी डोळे बारीक करून फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"भाऊ शोभता हं," ते म्हणाले. "चेहऱ्याची ठेवण अगदी तीच. फक्त तुम्ही जरा जबाबदार वाटता."

आता यापुढचं तुम्हाला सांगायला हवं, कारण ते सगळं तुमच्या नावावर जमा आहे. मी तुमच्यासारखा घसा खाकरला, तुमच्यासारखे हात पाठीमागे बांधले आणि बोलायला लागलो. सुरुवात केली ती वेळ मारून न्यायला. म्हटलं, आमचा धाकटा पहिल्यापासून असाच. दुसऱ्यांचा नंबर काढतो, स्वतःला पुढचा खड्डा दिसत नाही. चार माणसांत खर्च करताना हात आखडता घेता येत नाही, आणि एकट्यानं बिल उघडायची हिंमत नाही. तुमच्या बँकेची पाकिटं त्यानं न फोडता बुटांच्या खोक्यात ठेवलीत. (हे तुम्हाला कुठून माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. वसुलीवाले भले असतात.) वाईट नाही हो तो. पळपुटा आहे. बोलता बोलता माझी गाडी अशी सुसाट सुटली की थांबेना. स्वतःबद्दल इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो, आणि समोरचा माणूस माना डोलावत होता.

"मग बायकोला का सांगत नाहीत ते? घरात सांगितलं की निम्मं ओझं उतरतं. मी रोज बघतो ना," ते म्हणाले.

"ती ओरडली असती तर त्यानं कधीच सांगितलं असतं," मी म्हणालो. "ती ओरडणार नाही. ती एक शब्द बोलणार नाही आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात दुसरी पाळी धरेल. तशीच, त्या कमरेनिशी. त्याला ते बघवणार नाही." आणि दादा, इथे माझा आवाज फुटला. म्हणजे तुमचा.

त्या गृहस्थांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, लोक माझ्या अंगावर कुत्री सोडतात. एका घरात तर कर्जदार पांघरुणाखाली मेल्यासारखा पडला होता आणि मी हार आणायला पैसे काढल्यावर शिंकला. पण घरातल्या माणसाबद्दल असं सरळ बोलणारा आजपर्यंत एकच भेटला. तुम्ही. एवढं म्हणून ते मागे टेकले. मला त्यांची दया आली, मी बटण दाबलं. दोन मिनिटांत माझा वसुलीवाला तोंड उघडं टाकून घोरत होता.

मी पळून जाण्यासाठी चपला शोधत होतो, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. कारखान्याची वीज गेल्यानं बायको लवकर आली होती.

त्या आवाजानं वसुलीवाले दचकून उठायला गेले. पण खुर्चीनं पोटऱ्या धरल्या होत्या. तसेच अर्धे आडवे, थरथरत, त्यांनी हात जोडले. "नमस्कार वहिनी, मी बँकेकडून आलोय. तुमच्या मिस्टरांच्या कार्डाची थकबाकी आहे. या खुर्चीचीच. तुम्ही काळजी करू नका, मोठ्या भावांशी माझं सविस्तर बोलणं झालंय." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तुमच्या भावजयीनं खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे पाहिलं. खोलीत फक्त खुर्चीची घरघर चालू होती.

"भावजी," ती मला म्हणाली, "तुम्ही यांना चहा तरी विचारलात का?"

तिनं जाऊन खुर्ची बंद केली, चहा टाकला आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "आता सांगा, काय काय म्हणाले भावजी?" आणि त्यांनी सांगितलं. शब्दन्‌शब्द. बुटांचं खोकं, पळपुटेपणा, सगळं. दुसऱ्या पाळीपर्यंत आल्यावर तिनं विचारलं, "हे असंच म्हणाले?" ते म्हणाले, "असंच, वहिनी. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या." तेव्हा ती कप विसळायला वळली. दोनच कप होते, पण फार वेळ विसळत होती.

मग तिनं कागद मागून घेतला आणि खाली बसकण मारून तो वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. दंड किती, व्याज कुठून धरलंय, एकदम भरायचं नसेल तर हप्ते पडतील का, दंडातलं काय सोडाल, एवढं सगळं तिनं अशा बेतानं विचारलं की वसुलीवाले आपणहून सूट सुचवायला लागले. मी मोठा भाऊ म्हणून बाजूला उभा होतो आणि मधूनमधून "बरोबर आहे" म्हणत होतो. शेवटी हप्ते ठरले. अट एकच. कर्जदारानं स्वतः हजर राहून, त्यांच्या समोर सही करायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे आता येतोय त्या.

निघताना त्यांना कागदावरची तारीख दिसेना. माझी जीभ सवयीनं घसरली. "तुम्हाला जवळचा चष्मा लागलाय," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?" ते चकित. मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "भावजींना सगळं कळतं. फक्त त्यांच्या भावाचंच ते कोणाला सांगत नाहीत." धाकट्याकडून एक चष्मा करून द्या, असं त्यांनी मला विनवलं. मी तिथल्या तिथे त्यांचा नंबर काढला.

ते गेले. मला वाटलं, आता फुटेल. ती फुटली नाही. संध्याकाळी ताट वाढून म्हणाली, "भावजी, जेवून घ्या." रात्री त्या खुर्चीवर चादर घालून म्हणाली, "भावजी, पाहुण्यांना दुसरी जागा नाही, संकोच करू नका." (पाठ खरोखर धरली ती इथे. ही खुर्ची जागेपणी चेपते आणि झोपेत मोडते.) सकाळी डबा देताना, "भावजी, तुमचे भाऊ कुठे भेटलेच तर सांगा, मला त्यांच्याशी बोलायचंय." असे दिवसामागून दिवस गेले. मी "अगं, ऐक तरी" म्हटलं की ती डोक्यावरून पदर सारखा केल्यासारखं करायची आणि "मोठ्या दिरांशी मी काय बोलणार" म्हणून आत जायची. दादा, तुमच्याशी ती किती आदरानं वागते ते मला तेव्हा कळलं. इतका आदर फार काळ सोसवत नाही.

शेवटी एका रविवारी मी चपला घातल्या, जिने उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, जिने चढलो आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. तिनं दार उघडलं.

"कोण?"

"मी."

"कोण मी?"

"तुझा नवरा. खुर्ची बक्षीस नव्हती."

ती बाजूला झाली. "आत या," म्हणाली. "फार दिवस लावलेत."

मी सगळं सांगितलं. बॅगेपासून. बुटांचं खोकं आणून तिच्यापुढे ठेवलं आणि आम्ही दोघांनी एकेक पाकीट फोडलं. मला वाटत होतं ती पैशांवरून बोलेल. ती म्हणाली, "पैशाचं काय, फेडू. माझ्याबद्दल चार बरे शब्द बोलायला तुम्हाला भावाचा आवाज काढावा लागला, त्याचा मला राग आहे." मग तिनं आपली कापडाची मोठी कात्री आणली आणि कार्डाचे तुकडे केले. दुसरी पाळी घ्यायची नाही हे मी तिच्याकडून वदवून घेतलं. बदल्यात दुकान बंद झाल्यावर दारोदार जाऊन म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचं काम मी धरलंय. खुर्ची खालच्या केस कापणाऱ्यानं पाव किमतीत नेली, त्यासाठी पुन्हा दार काढलं. ती गेल्यावर आम्ही रिकाम्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो. बायकोनं पाय लांब केले. मी तिची कंबर चेपून दिली. चुकीचं बटण दाबायची भीती नव्हती.

तेव्हा दादा, झालं हे असं. यापुढे खरं बोलायचं मी ठरवलंय, आणि त्याची सुरुवात म्हणून हे पत्र. मालकांनाही स्वेटरमागची हकिकत सांगितली. त्यांनी स्वेटर परत केला नाही, पण आता मोकळेपणानं बघतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि शेजाऱ्यांशी भिंतीवरून भांडताना एक पायरी खाली उभे राहत जा, गुडघ्याला बरं.

तुमचा,
(यावेळी खरोखर) धाकटा

ता. क. : पैसे नकोत. हे बायकोनं आवर्जून लिहायला सांगितलंय. तुम्ही पाकिटाला हात घातला असलात तर तो मागे घ्या.

ता. क. २ : शनिवारच्या सहीचा प्रश्न राहिला. वसुलीवाल्यांना खरं सांगायला मी गेलो होतो, देवाशपथ. त्यांच्या कचेरीच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी मला पाहून सहकाऱ्यांना हाक मारली आणि म्हणाले, "हेच ते दादा, मी सांगत होतो ना, आपल्या धंद्यात भेटलेला एकच खरा माणूस." सगळे उठून उभे राहिले. त्या भल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा विनंती अशी, की शनिवारी सकाळच्या गाडीनं या आणि तासभर मी व्हा. करायचं काही नाही. मान खाली घालायची, मधूनमधून 'चुकलं' म्हणायचं. सही मी आधीच करून ठेवीन, तुम्ही नुसतं पेन कागदावरून फिरवा.

ता. क. ३ : पुढच्या शनिवारी चालणार नाही. त्यांचा चष्मा तयार होऊन माझ्या खणात पडलाय. काच यायचीय असं सांगून थोपवलंय, पण ते कागद हातभर लांब धरून वाचताना बघून माझं मन मला खातं. सही होताच तो त्यांच्या नाकावर चढवणार आहे, मग पुढे काय दिसेल ते दिसो.

ता. क. ४ : मोठा भाऊ या नात्यानं मला त्यांच्यासमोर तुमची थोडी कानउघाडणी करावी लागेल. मनावर घेऊ नये. आरशासमोर सराव चालू आहे. बायको ऐकत होती. ती म्हणाली, कार्डाचा विषय तर केव्हाच संपला, पुढचं सगळं तुमच्यातलं लहानपणचं दिसतंय. तसं असेल तर बरंच लांबेल. वहिनींना सोबत आणू नका. (बायको म्हणते, आणाच.)